साथीचा काळ, धर्मादाय आणि यादी : मुंबई व साष्टी (१८९६ ते २०२०)

मुंबईतील साथींचा इतिहास बहुतांशी सरकारी उपायांचा व त्या उपायांना झालेल्या विरोधाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. घरझडत्या, विलगीकरण, रुग्णालयावरील हल्ले, दंगे ह्यांविषयीचे कागद सरकारी दप्तरांत विपुल सापडतात. आणि जेथे कागद अधिक तेथे इतिहासकाराची पावले आपोआप वळतात. त्याच काळात ज्यांनी आजाऱ्याला पाणी पाजले, प्रेत उचलले, शिधा पोचविला, त्यांचे काम मात्र अहवालाच्या एखाद्या परिशिष्टात किंवा आभारप्रदर्शनाच्या चार ओळींत उरकलेले असते. धर्मादायाने साथीत किती खर्च केला ह्याची चर्चा अधूनमधून होते. परंतु तो कोणापर्यंत पोचला आणि कोणापाशी येऊन थांबला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः दान देणाऱ्याजवळ पैशाच्याही आधी एक यादी असावी लागते. कोणाच्या दारी जावयाचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे औदार्य त्याच्या स्वतःच्या उंबरठ्याबाहेर पडू शकत नाही. ही यादी लिहिलेली असेलच असे नाही. जातीच्या पंचांना ती तोंडपाठ असते, रात्रीच्या शाळेतील शिक्षकाला ती हजेरीपटावरून ठाऊक असते, शिधावाटप अधिकाऱ्याच्या दप्तरात ती क्रमांकवार लावलेली असते. १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि २०२० चा कोविड ह्या तीन साथींत मुंबई बेटावर व साष्टीत, म्हणजे आजच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या उपनगरांत, मदतकार्य कोणत्या यादीवरून चालले, ह्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्लेगच्या वेळी साष्टी हा ठाणे जिल्ह्याचा एक तालुका होता. मुंबई शहराची हद्द माहीम व शीव येथे संपत असे. पलीकडे भातखाचरे, मिठागरे, वाड्या आणि मधूनमधून ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी, आगरी, भंडारी, कुणबी ह्यांची गावठाणे पसरलेली होती. पश्चिमेकडून बी. बी. अँड सी. आय. रेल्वे अंधेरी-बोरिवलीवरून आणि पूर्वेकडून जी. आय. पी. रेल्वे ठाण्याकडे जात असे. मुंबईतील धनिकांना हा प्रदेश हवापालटापुरता परिचित होता. ह्या परिस्थितीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात गाठीच्या तापाचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले. १८९१ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तीतील सुमारे ३,८०,००० माणसे शहर सोडून गेली, असा सरकारी अंदाज होता. ज्यांना परवडले त्यांनी वांद्रे, कुर्ले, अंधेरी ह्या बाजूंस बिऱ्हाडे हलविली. बहुसंख्य गिरणीकामगारांनी कोकणचा किंवा देशावरचा रस्ता धरला.

पालिकेचे पहिले धोरण सक्तीचे होते. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी कमिशनर स्नो ह्यांनी १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याच्या आधारे जाहीरनामा काढून रोग्यास बळाने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. ह्याचा परिणाम २९ ऑक्टोबरला दिसला. सुमारे हजार गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला. रुग्णालयात माणसाला मारून त्याची मोमियाई काढतात, ही समजूत त्या वेळी चाळीचाळींतून पसरली होती. आज ती हास्यास्पद वाटते. पण ज्या जागेत गेलेला आप्त जिवंत परत येत नाही, त्याच्या प्रेताला घरचे हात लागत नाहीत आणि तेथे कोणाच्या हातचे पाणी मिळेल ह्याचा भरवसा नाही, त्या जागेविषयी लोकांनी दुसरे काय समजावयाचे? लागलीच स्नो ह्यांनी आपले हुकूम बरेच सैल केले. त्याचे त्यांनी दिलेले कारण मुद्दाम ध्यानात घेण्याजोगे आहे. हलालखोर आणि बिगारी भीतीने शहर सोडून गेले तर मुंबईची घाण उपसणारा कोणी उरणार नाही आणि शहर राहण्यायोग्य राहणार नाही, ही त्यांची खरी धास्ती होती. म्हणजे ज्या वर्गाच्या वाट्याला शहराच्या धर्मादायातील सर्वांत थोडा अंश येत होता, त्याच वर्गाच्या निघून जाण्याच्या नुसत्या शक्यतेने शहराचे धोरण बदलले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि मार्चच्या आरंभी ब्रिगेडियर-जनरल गॅटॅकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. समितीच्या काळात झडत्या वाढल्या. पण त्याच काळात एक दुसरी गोष्टही घडली, आणि धर्मादायाच्या इतिहासाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. निरनिराळ्या जातींना व धर्मसमाजांना आपापली प्लेग-रुग्णालये उघडण्याची मुभा मिळाली. पारशी, जैन, भाटिया, खोजा, मेमन अशा समाजांची रुग्णालये निघाली. काही समाजांनी मोकळ्या मैदानांत झोपड्या उभारून आपल्या माणसांसाठी छावण्या केल्या. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान ह्यांनी हाफकिनची लस स्वतः चारचौघांत टोचून घेतली, हे सर्वश्रुत आहे.

ह्या जातवार रुग्णालयांकडे केवळ संकुचितपणाचा नमुना म्हणून पाहणे न्यायाचे होणार नाही. तेथे रोग बरा होण्याचा संभव आर्थर रोडपेक्षा फार मोठा होता असे नव्हे. प्लेगवर खात्रीचा उपाय तेव्हा कोणापाशीच नव्हता. परंतु तेथे स्वयंपाकी आपल्या जातीचा असे, नातेवाइकाला जवळ बसता येई, मेल्यावर क्रियाकर्म आपल्या रीतीने होई. एवढ्यामुळे लपविलेले रोगी बाहेर येऊ लागले, आणि साथ आवरण्याच्या कामी ह्याचे मोल झडतीपेक्षा कमी नव्हते. शिवाय यंत्रणा आयती होती. महाजनांपाशी जातीतील प्रत्येक घराची माहिती होती, फंड होते, वाड्या होत्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांना धर्मादायासाठी मालावर लागा बसविण्याची सवय जुनीच होती. १८३४ साली स्थापन झालेला पांजरपोळ अशाच लाग्यांवर चालत आला होता. अर्थात भाकड गाईसाठी ज्या शहरात सहा दशके नियमित निधी जमत होता, त्याच शहरात कोकणातून आलेल्या आजारी हमालासाठी तसा निधी नव्हता, हेही त्याबरोबर नोंदवावयास हवे.

कारण ज्यांच्या जातीत शेटिये होते त्यांच्यासाठी ही व्यवस्था होती. मुंबईच्या श्रमिक वर्गातील फार मोठा भाग रत्नागिरी, सातारा, पुणे ह्या जिल्ह्यांतील कुणबी-मराठे व अस्पृश्य मानलेल्या जाती ह्यांचा होता. त्यांच्यापैकी बहुतेकांचे मुंबईतील घर म्हणजे दहा-बारा जणांत भाड्याने घेतलेली एक खोली. त्यांची खरी मदतसंस्था गावी होती. आजारी पडल्यास, संप झाल्यास, काम सुटल्यास गावी जावयाचे हा त्यांचा परिपाठ होता. प्लेगमध्ये त्यांनी तेच केले. १८९७ च्या आरंभी गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली आणि मालकांना नाक्यानाक्यावर रोजंदारीची बोली करून कामगार मिळवावे लागले. गावची ही आसरा देण्याची शक्ती मोठी होती. पण माणसांच्या बोचक्यांबरोबर साथही गावोगाव जाऊन पोचली, ही तिची किंमत होती.

ह्या वर्गासाठी मुंबईतच काही करावे असा विचार ज्यांनी केला, त्यांत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. लोखंडे ह्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक होते. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांची संघटना स्थापन केली होती आणि रविवारची सुटी मिळविण्याचे श्रेय त्यांच्या चळवळीकडे जाते. प्लेग सुरू झाल्यावर इतर पुढारी शहर सोडत असता ते मुंबईतच राहिले व त्यांनी मराठा रुग्णालय उभारण्याच्या कामी स्वतःला वाहून घेतले. रुग्णालयाच्या नावावरून हाही एक जातवार प्रयत्न होता असे कोणी म्हणेल. तथापि त्या काळच्या मुंबईत ‘मराठा’ हा शब्द पुष्कळदा मराठी बोलणाऱ्या ब्राह्मणेतर कष्टकरी समाजाला सरसकट लावला जात असे, आणि लोखंडे ह्यांच्या बाबतीत तो तसाच घेणे सयुक्तिक ठरते. भाटिया किंवा पारशी समाजाप्रमाणे त्यांच्या पाठीशी श्रीमंत पंचायत नव्हती. त्यांची यादी निराळी होती. ती बारा वर्षांच्या कामगार-चळवळीत, अर्जांवर घेतलेल्या सह्यांतून आणि सभांतून तयार झालेली होती. ज्यांच्या सह्या त्यांनी कामाच्या तासांसाठी गोळा केल्या, त्यांच्याच खोल्यांत ते साथीच्या वेळी गेले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला.

त्यानंतर एका महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यास सावित्रीबाई फुले वारल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी तेथे आणले आणि त्यातच त्यांना रोगाची लागण झाली. पुण्यात त्याच सुमारास लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू रुग्णालय निघाले होते आणि त्याचे महत्त्वही कमी नाही. परंतु जातीची यादी बाजूस ठेवून साथीत काम करण्याचे हे दोन्ही प्रयत्न सत्यशोधक मंडळींचे होते, आणि एका महिन्याच्या अंतराने ते करणारी दोन्ही माणसे त्यात कामी आली, ह्या घटनेची मराठी इतिहासलेखनाने एकत्र अशी नोंद फारशी घेतलेली नाही. लोखंडे ह्यांच्या मृत्यूनंतर मुंबईच्या कामगार-चळवळीत मोठी पोकळी निर्माण झाली. म्हणजे प्लेगने येथे एका माणसाबरोबर एक यादीही पुसून टाकली.

साष्टीकडे वळल्यास चित्र थोडे निराळे दिसते. येथे महाजनांची जागा गावठाणाने आणि चर्चच्या पॅरिशने घेतलेली होती. वांद्रे व साष्टीतील इतर गावांत ईस्ट इंडियन लोकांनी प्लेगच्या वर्षांत वाटांच्या तोंडाशी क्रूस उभारले. त्यांतील पुष्कळ आजही उभे आहेत आणि त्यांवरील वर्षांचे आकडे वाचता येतात. त्यांच्यापुढे गावकरी सायंकाळी एकत्र जमून प्रार्थना करीत. ह्या क्रूसांचा विचार केवळ श्रद्धेचे चिन्ह म्हणून करण्याची पद्धत आहे. तथापि रोज संध्याकाळी एका ठिकाणी गोळा होणाऱ्या वाड्यात आज कोण आले नाही हे विचारावे लागत नाही. १८८७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनसारखी संस्था समाजाच्या वतीने सरकारदरबारी बोलू शकत असे. पण वाड्यापुरती हजेरी क्रूसापाशीच लागत असली पाहिजे. मुंबईहून आलेले बिऱ्हाडकरू मात्र ह्या हजेरीत बसत नव्हते. गावकऱ्यांच्या दृष्टीने तेच रोग घेऊन आलेले पाहुणे होते.

९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाहा कुटुंबातील आजारी मुलीला नेण्यावरून मोठा दंगा झाला. त्यानंतर सरकारने झडत्यांचा जोर कमी केला आणि समाजाच्या पुढाऱ्यांवर अधिक भिस्त ठेवली. प्लेग मुंबईत पुढे कित्येक वर्षे येत राहिला. पण पहिल्या दोन वर्षांत धर्मादायाला जो साचा मिळाला, तो फारसा बदलला नाही.

वीस वर्षांनी आलेल्या इन्फ्लुएंझाचा वेग प्लेगहून पुष्कळ अधिक होता. मराठीत लोकांनी त्यास ‘मानमोडी’ असे नाव दिले. १० जून १९१८ रोजी मुंबई गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, येथून त्याची नोंद सुरू होते. जूनची लाट सौम्य होती. सप्टेंबरची लाट तशी नव्हती. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्याचे भाव चढले होते, आणि महायुद्धामुळे डॉक्टरांचीही टंचाई होती. ह्या साथीत झडती घेण्यास किंवा रोग्यास दूर नेण्यास सरकारला अवसरच मिळाला नाही. औषधे घेऊन चाळीत जाणे, दूध पोचविणे, रोग्याची शुश्रूषा करणे एवढेच काम शक्य होते, आणि ते स्वयंसेवकांच्या अंगावर पडले.

ह्या वेळी शहरात एका नव्या प्रकारची संस्था उभी होती. नामदार गोखले ह्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी ह्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली होती. (जोशी ह्यांचे जन्मगाव गोरेगाव कुलाबा जिल्ह्यातील आहे, उपनगरातील गोरेगावाशी त्याची गल्लत अनेकदा होते.) लीगने गिरणगावात रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या चालविल्या होत्या. तिची यादी जातीची नव्हती. ती चाळीची होती. ज्या चाळीत पुस्तकांची पेटी जात असे त्या चाळीत औषधाची पेटी घेऊन जाणे तिच्या स्वयंसेवकांना अवघड नव्हते. लीगच्या बरोबरीने डॉक्टरांच्या मंडळांनी व इतर समाजांनीही मदत-केंद्रे उघडली. सुशिक्षित वर्ग आपल्याहून गरीब लोकांच्या मदतीस इतक्या मोठ्या संख्येने पूर्वी कधी आला नव्हता, अशा अर्थाची कबुली सरकारच्या आरोग्य-अहवालातही आढळते.

असे असता मृत्यूचे आकडे काय सांगतात? मुंबईत दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९.०, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि अहवालाने ज्यांना खालच्या जातींचे हिंदू म्हटले त्यांच्यात ६१.६ होते. ६१.६ आणि १८.९ ह्यांमधील अंतर रोगाच्या स्वभावावरून समजावून देता येत नाही. अंधाऱ्या खोल्या, उपासमार, आजारातही कामावर जाण्याची सक्ती, ही त्याची मुख्य कारणे होत. धर्मादाय कितीही तत्पर असता तरी त्याने ती काही आठवड्यांत दूर झाली नसती. पण त्याबरोबर हेही मानावे लागते की, चाळीची यादी चाळीपाशीच संपत होती. झावळ्यांच्या व पत्र्याच्या झोपड्यांत राहणाऱ्यांच्या वस्तीत पुस्तकांची पेटी पूर्वी गेलेली नव्हती. १९१९ च्या जानेवारीत गिरणीकामगारांचा जो मोठा संप झाला, त्यात महागाईइतकाच ह्या हिवाळ्यातील मृत्यूंचाही वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

साष्टीसंबंधी ह्या साथीतील एक गोष्ट थोडक्यात सांगता येते. मुंबईबाहेर मोकळ्या हवेत राहावे ही प्लेगने लावलेली प्रवृत्ती तोवर दृढ झाली होती. १९१८ सालीच वांद्र्यास साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. १ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९५० साली अंधेरी व घाटकोपरपर्यंतचा आणि १९५७ साली बोरिवली-दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश महापालिकेच्या हद्दीत आला. साथीपासून दूर जाण्यासाठी म्हणून ज्या प्रदेशाकडे लोक वळले, तेथेच पुढे कारखाने आले आणि कारखान्यांमागून वस्त्या आल्या. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ आणि उपनगर जिल्ह्याची ९३,५६,९६२ होती. बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के माणसे झोपडपट्टीत राहत होती.

म्हणून २०२० मध्ये दिशा उलटली. १८९६ साली माणसे अंधेरी-कुर्ल्याकडे पळून आली होती; आता ती तेथून पळाली. ११ मार्च २०२० रोजी मुंबईत कोविडचे पहिले रुग्ण आढळले. १३ मार्चला महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. रोगाच्या आधी भूक आली, हे ह्या साथीचे उपनगरातील वैशिष्ट्य होय. मरोळ-साकीनाक्याच्या लहान कारखान्यांतील कामगार, बांधकामावरील मजूर, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया ह्यांची मिळकत एका दिवसात थांबली.

मदतीस निघालेल्या संस्थांपुढे प्रथम एक अगदी व्यवहारी प्रश्न उभा राहिला : शिधा द्यावयाचा की शिजविलेले अन्न? तांदूळ, पीठ, डाळ, तेल ह्यांचा संच एकदा दिला की पंधरा दिवस पाहावे लागत नाही. म्हणून बहुतेक संस्थांचा कल तिकडे होता. पण संचासाठी नाव, पत्ता आणि माणसांची संख्या लिहून घ्यावी लागते, आणि घेणाऱ्याच्या घरी चूल असावी लागते. कारखान्याच्या माळ्यावर झोपणाऱ्या व खाणावळीत जेवणाऱ्या कामगारापाशी चूल नव्हती आणि खाणावळ बंद झाली होती. त्याला पाच किलो तांदूळ देणे म्हणजे काहीच न देण्यासारखे होते. उलट शिजविलेल्या अन्नाला पत्ता लागत नाही. पण ते दिवसातून दोनदा, न चुकता, गरम असता पोचवावे लागते.

ह्या दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांत ‘खाना चाहिये’ हा नागरिकांचा उपक्रम उल्लेखनीय आहे. मार्च २०२० च्या अखेरीस काही मुंबईकरांनी तो सुरू केला आणि आरंभी पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेने अन्न वाटले. वांद्र्यापासून बोरिवली-दहिसरपर्यंत उपनगरांच्या पाठीच्या कण्याप्रमाणे जाणारा हा रस्ता. पुलाखाली राहणारे, नाक्यावर कामाची वाट पाहणारे, पायी गावी निघालेले, सारे त्याच्यावर भेटत. १८९७ च्या महाजनाकडे जातीची यादी होती, १९१८ च्या लीगकडे चाळीची होती. येथे यादीऐवजी एक मार्ग ठरविला गेला आणि त्या मार्गावर जो उभा असेल तो हक्कदार मानला गेला. ह्या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. जो रस्त्यावर येऊ शकत नाही, म्हणजे आजारी, म्हातारा, बाळंतीण किंवा रोगाच्या भयाने दार लावून बसलेला, तो तिला दिसत नाही. त्यामुळे वस्तीत पूर्वीपासून काम करणाऱ्या संस्थांचे महत्त्व संपले नाही. मशिदी, गुरुद्वारे, चर्च, जैन संघ व गणेशोत्सव मंडळे ह्यांनी आपापल्या गल्ल्यांत जे काम केले, ते जुन्याच यादीवरून केले.

जुन्या संस्थेने नवी यादी स्वीकारल्याचे एक उदाहरणही ह्याच साथीत सापडते. २२ जून २०२० पासून महापालिकेने मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली व दहिसर ह्या सहा उपनगरांत रुग्णसंख्या वाढत असल्याने शीघ्र कृती आराखडा हाती घेतला. त्यात पन्नास फिरते दवाखाने वस्त्यांत जाऊन लोकांची तपासणी करीत. ह्या कामात भारतीय जैन संघटनेचा मोठा सहभाग होता. १८९७ साली मुंबईतील जैनांनी जैनांसाठी रुग्णालय उघडले होते. १२३ वर्षांनी जैन संघटनेच्या गाड्या महापालिकेने नेमून दिलेल्या वस्त्यांत जाऊन, येईल त्याला तपासत होत्या. देणारा समाज तोच राहिला, आणि घेणारा कोण हे सांगण्याचा अधिकार पंचांकडून महापालिकेकडे गेला. ह्या बदलाचे श्रेय केवळ उदारमतवादाला देता येणार नाही. रोग शेजारच्या वस्तीत राहिला तर तो आपल्याही इमारतीत येणार, ही जाणीव त्याच्यामागे होतीच. मात्र जुलै २०२० मधील रक्तचाचणीच्या पाहणीत दहिसर, चेंबूर व माटुंगा ह्यांच्या विभागांत झोपडपट्टीतील ५७ टक्के आणि इतर इमारतींतील १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. गाड्या पोचण्यापूर्वीच वस्त्यांतील अर्ध्याच्या आसपास माणसांना रोग स्पर्शून गेला असला पाहिजे.

सरकारी मदत अर्थातच यादीवर चालली. २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेले माणशी पाच किलो मोफत धान्य अन्नसुरक्षा कायद्याच्या शिधापत्रिकाधारकांसाठी होते. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड किंवा विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मजुराची शिधापत्रिका, असलीच तर, गावच्या पेटीत होती. मुंबईतील दुकानाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर गाडी सुटेल ह्या आशेने जमले. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या तेव्हा प्रथमच त्यांची एक यादी तयार झाली; गावी जाऊ इच्छिणाऱ्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवावे, आणि आरंभी तरी डॉक्टरांचा दाखला जोडावा, असा नियम होता. मुंबई सोडून जाण्यासाठी नाव नोंदविताना मुंबईतील त्यांचा पत्ता शासकीय कागदावर लिहिला गेला. त्यांतील कित्येकांच्या बाबतीत ही पहिलीच वेळ असावी. ह्या अर्जांभोवती, दाखले मिळवून देणे, अर्ज भरून देणे, कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसपर्यंत पोचविणे, प्रवासासाठी अन्न व पाणी देणे, असे धर्मादायाचे एक नवे क्षेत्रच त्या महिन्यात निर्माण झाले.

शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांनाही मे व जून ह्या दोन महिन्यांपुरते माणशी पाच किलो धान्य व कुटुंबास एक किलो हरभरा मिळेल, अशी घोषणा १४ मे रोजी झाली. टाळेबंदी लागून त्या दिवशी सात आठवडे झाले होते. हे धान्य उपनगरांतील दुकानांत येऊन त्याचे वाटप सुरू होईपर्यंत, ज्यांच्यासाठी ते होते त्यांपैकी पुष्कळ जण गावी पोचलेले होते.